खोक्याच्या आतली हवा

एक छायाचित्र अधूनमधून फिरत फिरत आपल्यापर्यंत येतं. अंगठ्याएवढं बेअरिंग, त्याभोवती तेलकट कागद, त्यावर प्लास्टिकची पिशवी, मग पुठ्ठ्याची डबी, अशा डब्यांच्या गठ्ठ्याला पुन्हा प्लास्टिकची पातळ फिल्म आणि सगळ्याला पोटात घेणारं लाकडी खोकं. खाली एकच ओळ: ‘लोखंडाच्या तुकड्याला एवढे कपडे कशाला?’ मग वाद पेटतो. एका बाजूला पर्यावरणाची काळजी वाहणारे असतात. त्यांच्या मते वेष्टन हा जन्मतःच कचरा, जितकं कमी तितकं बरं. दुसऱ्या बाजूला माल पाठवणारे. ते म्हणतात, गंजून परत आलेला माल ज्यांनी कधी उतरवून घेतला नाही त्यांनी आम्हाला शिकवू नये. एक बाजू थर मोजते, दुसरी परत आलेली खोकी मोजते. त्या पिशवीत धातूबरोबर आणखी काय काय कोंडलं गेलं होतं, हे मात्र कोणीच विचारत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. धातूची वस्तू गुंडाळताना आपण तिच्याभोवतीचं एक छोटंसं हवामान बंदिस्त करत असतो. ते कोरडं आणि स्वच्छ असेल तर साधा कागदही पुरतो. ते दमट आणि खारट असेल तर पाच थर गुंडाळूनही गंज चढतो, आणि कित्येकदा उघड्यावर चढला असता त्याहून लवकर चढतो. म्हणून ‘वेष्टन कमी की जास्त’ आणि ‘प्लास्टिक की कागद’ हे दोन्ही प्रश्न चुकीच्या टोकाने सुरू होतात. माल किती दिवस, कोणकोणत्या हवेतून आणि कोणत्या अवस्थेत जाणार, हे ठरवल्याशिवाय वेष्टनावर भांडणं म्हणजे रोगी न तपासता औषधाच्या बाटलीच्या रंगावर भांडणं. आणि हे ठरवायचं काम वस्तूची रचना करणाऱ्याचं आहे. गाडी दाराशी उभी असताना टेपचं टोक शोधणाऱ्याच्या गळ्यात ते घालून चालणार नाही.

या बाबतीत मला एक जुनी गोष्ट फार आवडते. १७६१ साली ब्रिटिश नौदलाने ‘अलार्म’ नावाच्या युद्धनौकेच्या लाकडी बुडाला तांब्याचे पातळ पत्रे ठोकले. लाकूड पोखरणारे समुद्री किडे आणि बुडाला चिकटणारे शिंपले यांच्यापासून बचाव, एवढाच हेतू. दोनेक वर्षं वेस्ट इंडीजच्या पाण्यात काढून नौका परतली तेव्हा बुडाची तपासणी झाली. पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे अनेक ठिकाणी पार खाऊन गेले होते आणि पत्रे सुटले होते. पण काही खिळे मात्र बरेच शाबूत होते. बारकाईने पाहिल्यावर त्यांच्या डोक्याखाली तपकिरी कागदाचा थर सापडला. तांब्याचे पत्रे गोदीत आले होते ते त्या कागदात गुंडाळून, आणि काही ठिकाणी तो न काढताच पत्रे ठोकले गेले होते. लोखंड आणि तांबं यांच्यामधला स्पर्श त्या कागदाने तोडला होता. लोखंड तांब्याला थेट भिडू देऊ नका, असा निष्कर्ष १७६३च्या अहवालात निघाला. व्होल्टाचा विद्युत घट यायला अजून सदतीस वर्षं होती; दोन धातू आणि खारं पाणी मिळून काय घडतं याचा सिद्धांत कोणाकडेच नव्हता. विसरलेल्या वेष्टनाने तो आधीच दाखवून दिला.

आता या गोष्टीतून ‘बघा, वेष्टन हवंच’ असा अर्थ कोणी काढू नये. त्याच जहाजावर तोच कागद पत्र्याच्या बाहेरच्या अंगाला चिकटवला असता तर त्याचा काडीचा उपयोग झाला नसता. कागद कामी आला तो योग्य जागी होता म्हणून. सध्याच्या वादात ही जागा नेमकी गहाळ आहे.

गंज म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो. पण गंजाला पाऊस लागत नाही. डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा एक पापुद्रा धातूच्या पृष्ठभागावर धरला की पुरे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की पोलादावर असा पापुद्रा काम करू लागतो आणि गंजाचा वेग एकदम वाढतो. डब्ल्यू. एच. जे. व्हर्नन या ब्रिटिश संशोधकाने गेल्या शतकाच्या पूर्वार्धात यावर मूलभूत काम केलं. त्याचा एक प्रयोग तर इतका साधा आहे की वाचताना हसू येतं. त्याने लोखंडाचे काही तुकडे खोलीत उघडे टांगले आणि काही तलम मलमलीच्या पिंजऱ्यात टांगले. उघडे गंजले, मलमलीतले जवळजवळ स्वच्छ राहिले. मलमल काय अडवते? प्राणवायू अडवत नाही, बाष्प अडवत नाही. अडवते फक्त धूळ. म्हणजे त्या खोलीत धुळीचे कण होते तिथेच गंज रुजत होता. कण ओलावा ओढून घेतात, धरून ठेवतात आणि त्या टिंबाखाली रासायनिक क्रिया सुरू होते. हवेला आरपार जाऊ देणारं कापड लोखंडाचं रक्षण करू शकतं, हे एकदा लक्षात आलं की ‘हवाबंद म्हणजे सुरक्षित’ ही समजूत सैल व्हायला हरकत नाही.

मिठाचं तर त्याहून वाईट. स्वयंपाकातलं शुद्ध मीठ आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास पोचली की पाणी ओढून विरघळू लागतं. पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, आणि ते जेमतेम ३३ टक्क्यांनाच ओलं होतं. म्हणजे जी हवा आपल्याला खडखडीत कोरडी वाटते, तिच्यातही ते धातूवर ओलावा धरून बसतं. माणसाच्या घामातही क्षार असतात. नुकत्याच घासून गुळगुळीत केलेल्या शाफ्टला, म्हणजे यंत्रातल्या फिरत्या दांड्याला, उघड्या हाताने उचललं की काही दिवसांनी बोटांचे ठसे तांबूस रंगात उमटतात. रेषा मोजता याव्यात इतके स्पष्ट. हा शाफ्ट ठशांसकट पिशवीत घालून पिशवीचं तोंड सील केलं, तर आपण गंजाचं बी पेरून वर आच्छादन घातलं. त्यात तो धुण्याच्या मशीनमधून नुकताच निघाला असेल आणि कोमट असतानाच पिशवीत गेला असेल, तर पाणीही आपणच घातलं. हा माल गंजला की दोष कोणाला? पिशवीला. म्हणजे पुढच्या वेळी जाड पिशवी. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

बंद वेष्टनाचं सगळ्यात बोलकं उदाहरण जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं. हा पत्रा मोकळ्या हवेत ठेवला तर तो भिजतो, वाळतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि हळूहळू त्यावर जस्ताच्या कार्बोनेटचा घट्ट थर धरतो. तो थर पुढे वर्षानुवर्षं त्याला सांभाळतो. हेच पत्रे एकावर एक रचून, मध्ये थोडं पाणी राहिलेलं असताना, फिल्ममध्ये घट्ट आवळले की आत हवा खेळत नाही, कार्बन डायऑक्साइड पोचत नाही आणि जस्ताचं हायड्रॉक्साइड होऊन पांढरी भुकटी फुलते. धंद्यातले लोक त्याला पांढरा गंज म्हणतात. काही आठवड्यांत नवाकोरा पत्रा डागाळतो. छपरावर बसल्यावर ऊनपाऊस सोसणारा माल रस्त्यातल्या वेष्टनात हरतो, याला काय म्हणावं?

आणि हा रस्ताही पूर्वीचा राहिलेला नाही. २६ एप्रिल १९५६ रोजी ‘आयडियल एक्स’ हे जहाज नेवार्कहून ह्यूस्टनकडे ५८ कंटेनर घेऊन निघालं, आणि मालवाहतुकीचं अर्थकारण बदललं असं आपण वाचतो. मालाभोवतीचं हवामानही बदललं, हे मात्र फारसं कोणी लिहीत नाही. त्याआधी माल जहाजाच्या पोटात असे, आणि झडपा कधी उघडायच्या, वारा कधी आत घ्यायचा हे ठरवणारा अधिकारी त्याच जहाजावर असे. आता माल पोलादाच्या बंद पेटीत असतो. दिवसा तापतो, रात्री गार होतो, आणि दार उघडेपर्यंत आत काय चाललंय हे कोणालाच ठाऊक नसतं. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना पेटी बंद केली, तर आतली हवा २६ अंशांपर्यंत उतरताच दव धरू लागतं. चार अंशांचा तर फरक! समुद्रावरची एक रात्र त्याला पुरते. छताला धरलेले थेंब मग खाली मालावर टपकतात. आतल्या आत पडणारा हा पाऊस जहाजवाल्यांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

तरीही हवेतलं पाणी हा किरकोळ भाग आहे. २० फुटी कंटेनरात सुमारे ३३ घनमीटर जागा असते. वर सांगितलेल्या स्थितीत त्यात साधारण ८०० ग्रॅम बाष्प मावेल, आणि पारा १० अंशांवर आला तर त्यातलं जवळपास अर्धा लिटर पाणी बाहेर पडेल. आता लाकडाकडे बघा. माल रचायच्या २० किलोच्या लाकडी चौकटीत, म्हणजे पॅलेटमध्ये, कोरड्या वजनाच्या २० टक्के ओलावा असेल, तर एकट्या पॅलेटमध्ये तीन लिटरहून अधिक पाणी आहे. अशी दहा पॅलेट म्हणजे ३३ लिटर. त्यातला दहावा हिस्सा सुटला तरी हवेतल्या सगळ्या बाष्पाच्या चौपट झाला. यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘आमच्या लाकडावर आंतरराष्ट्रीय शिक्का आहे.’ आहे ना, पण तो कशाचा? आयएसपीएम १५ या नियमाखाली लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना सलग ३० मिनिटं तापवतात ते किडे आणि त्यांची अंडी मारण्यासाठी, परक्या देशातली जंगलं वाचवण्यासाठी. लाकूड वाळवणं हा त्याचा हेतूच नाही. ओलं लाकूडही तो शिक्का मिरवू शकतं. शिक्का खरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा, अशी ही गंमत आहे.

आता समोरच्यांचं ऐकू. वेष्टन कमी करा म्हणणाऱ्यांचे काही मुद्दे इतके भक्कम आहेत की ते नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. तेलाने माखलेली फिल्म पुनर्वापराच्या साखळीत जवळजवळ कोणी घेत नाही. ती जळते किंवा पुरली जाते. बाष्परूपाने धातूवर बसणारी गंजरोधक रसायनं, ज्यांना धंद्यात व्हीसीआय म्हणतात, तीही निरागस नाहीत. १९४०च्या दशकात शेल कंपनीच्या संशोधनातून पुढे आलेलं डायसायक्लोहेक्झिलअमोनियम नायट्राइट हे त्यातलं गाजलेलं नाव. नायट्राइट आणि दुय्यम अमाइन एकत्र आले की नायट्रोसमाइनं तयार होऊ शकतात, आणि त्यातली अनेक कर्करोगाशी जोडलेली आहेत. जर्मनीत तर यासाठी टीआरजीएस ६१५ हा वेगळा तांत्रिक नियम आहे. ओलाव्याप्रमाणे निळ्याची गुलाबी होणारी दर्शक पट्टी वर्षानुवर्षं कोबाल्ट क्लोराइडवर चालली. तेही आता टाळण्याजोगं मानलं जातं. शिवाय निव्वळ सवयीने गुंडाळलेला मालही कमी नसतो. आठवड्यात वापरला जाणार, शेजारच्या शेडमध्येच जाणार, वर रंगही लागलेला, तरी त्याला तिहेरी कवच. नाकापेक्षा मोती जड!

हे सगळं मान्य. पण त्यावरून ‘वेष्टन काढा’ हा निष्कर्ष निघतो का? साधा हिशेब करू. खनिजापासून टनभर पोलाद बनवताना सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. प्लास्टिक फिल्मचा आकडा किलोमागे दोन-तीन किलो. टनभर सुट्या भागांना २ किलो फिल्म लागली असं धरलं, तर ६ किलो. म्हणजे त्या फिल्ममुळे हजारात तीन नग भंगारात जाण्यापासून वाचले तरी कार्बनपुरता हिशेब फिटला. कोणी म्हणेल, भंगारही पुन्हा वितळतंच, मग पुरे दोन टन का धरता? रास्त आक्षेप आहे. निम्मे धरा, चौथा हिस्सा धरा. हजारात बारा नगांवर येऊन थांबाल. आणि यात कापणी, उष्णता प्रक्रिया, घासणी यांची ऊर्जा धरलेलीच नाही. थांबलेली यंत्रं आणि बदली भाग विमानाने मागवण्याचा खटाटोपही नाही. प्राथमिक अॅल्युमिनियम असेल तर टनामागे दहा टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड. प्लास्टिक समुद्रात गेल्याचं नुकसान या हिशेबात येत नाही, हेही कबूल. पण मग फिल्म परत कशी गोळा करायची, एकाच जातीची आणि तेलविरहित कशी ठेवायची, हा प्रश्न आपल्यासमोर येतो. धातू उघडा पाठवल्याने तो सुटत नाही, फक्त कचऱ्याचा ढीग फिल्मचा न राहता लोखंडाचा होतो.

इथे हंफ्री डेव्ही या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाची आठवण होते. ‘अलार्म’नंतर साठेक वर्षांनी, १८२४ मध्ये, त्याने जहाजाच्या तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून तांब्याची झीज थांबवून दाखवली. शास्त्र अचूक होतं, प्रयोग यशस्वी झाला. पण त्या झिजणाऱ्या तांब्यातून पाण्यात उतरणारं विषच शिंपल्यांना दूर ठेवत होतं. झीज थांबली आणि बुडावर शिंपल्यांचं रान माजलं. जहाजं मंदावली, नौदलाने उपाय मागे घेतला. डेव्हीने मोजलेली गोष्ट सुधारली, न मोजलेली बिघडली. आज कोणी ‘प्लास्टिकमुक्त’ अशी पाटी लावण्यासाठी फिल्म काढून तिथे मिळेल तो तपकिरी कागद घालतं, तेव्हा नेमकं हेच होतं. त्या कागदात क्लोराइड आणि सल्फेट किती, तो ओलावा किती धरतो, त्याची आम्लता किती, हे कोणी पाहिलेलं नसतं. चांगला गंजरोधक कागद असतो आणि काही कामांत तो फिल्मपेक्षा सरसही ठरतो. पण केवळ कागद आहे म्हणून तो सोवळा होत नाही.

आणखी एक आक्षेप हमखास येतो, आणि तो येताना जरा छाती फुगवून येतो: दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्याला कोणी काय गुंडाळलं होतं? स्तंभ खरोखर थोर आहे. त्याच्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे, त्यामुळे पृष्ठभागावर रक्षक थर धरला, आणि भोवतालची हवा वर्षातला बराच काळ कोरडी असते. पण स्तंभाचं काम उभं राहणं एवढंच आहे. त्याच्या अंगावर मिलिमीटरभर थर चढला काय किंवा उतरला काय, तो स्तंभच राहतो. बेअरिंगच्या धावपट्टीचं, म्हणजे गोळ्या जिच्यावरून फिरतात त्या खाचेचं, काम मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात चालतं, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. स्तंभाला जो डाग शोभतो, तोच बेअरिंगला मारतो. तेव्हा हा दाखला अभिमानासाठी ठेवावा; खोकी भरताना त्याचा उपयोग नाही.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण माल पाठवणाऱ्यांचा युक्तिवाद मला जास्त खटकतो. त्यांना अनुभव असतो, आणि तरीही ते बेरीज करत नाहीत. ‘आम्ही पिशवीत सिलिका जेल टाकतो’ हे त्यांचं ब्रह्मास्त्र. सिलिका जेल, म्हणजे पुड्यांत मिळणारे ओलावा शोषणारे दाणे, उत्तम वस्तू आहे. वॉल्टर पॅट्रिक यांना १९१९ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि दुसऱ्या महायुद्धात औषधांपासून शस्त्रांपर्यंत सगळं तिने कोरडं ठेवलं. पण किती टाकायची? जर्मन मानकाप्रमाणे शोषकाचं एक एकक ४० टक्के आर्द्रतेला किमान ६ ग्रॅम पाणी धरतं. ०.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिथिनमधून दिवसाला दर चौरस मीटरमागे एक ग्रॅमच्या जवळपास बाष्प आत झिरपतं. पॉलिथिन पाणी अडवतं, बाष्प पूर्णपणे अडवत नाही. यंत्राभोवतीची पिशवी १० चौरस मीटरची आणि प्रवास ६० दिवसांचा असेल, तर आत येणारं पाणी अर्ध्या लिटरहून जास्त, म्हणजे ९० एककं. तीच पिशवी अॅल्युमिनियमचा थर असलेल्या फिल्मची असेल, तर बाष्प दहाव्या हिश्श्यावर येतं आणि दहा एककांत भागतं. यात आतल्या लाकडाचं आणि पुठ्ठ्याचं पाणी धरलेलंच नाही. प्रत्यक्षात किती पुड्या टाकल्या जातात? मूठभर. मग पिशवीचं तोंड गाठ मारून बांधतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि उघडेपर्यंत ती सव्वा लाखाचीच राहते. निचरा नसलेल्या टाकीत स्पंज टाकून पुराशी लढण्याचा हा प्रकार आहे.

व्हीसीआयचंही तसंच. ही रसायनं बाष्प होऊन धातूवर बसतात, म्हणून आडकोपऱ्यातही पोचतात, हे खरं. पण त्यासाठी कागद धातूच्या जवळ हवा, साधारण हातभर अंतराच्या आत. धातू स्वच्छ हवा. आणि पिशवी इतकी तरी बंद हवी की बाष्प उडून जाऊ नये. लोखंडासाठी बनवलेलं मिश्रण पितळेला किंवा तांब्याला डाग पाडू शकतं, आणि यंत्रात तर हे सगळे धातू शेजारी शेजारी नांदत असतात. तरी खरेदीच्या कागदावर नुसतं ‘व्हीसीआय पिशवी’ एवढंच लिहिलेलं असतं. ‘औषध द्या’ असं लिहिलेली चिठ्ठी घेऊन कोणी दुकानात जाईल का?

आणि इजा केवळ गंजाचीच होते असंही नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत नव्या मोटारी रेल्वेने दूरवर पाठवल्या जात, आणि उतरवल्यावर त्यांच्या चाकांची बेअरिंगं आवाज करत. मैलभरही न धावलेली बेअरिंगं खराब कशी? उघडून पाहिल्यावर धावपट्टीवर गोळ्यांच्या अंतरावर बरोबर खळगे दिसले. चाक फिरत नव्हतं, पण डब्याच्या सततच्या कंपनाने गोळ्या जागच्या जागी सूक्ष्म घासत होत्या. मधलं वंगण बाजूला सरकत होतं. अशा बेअरिंगला बाहेरून दहा थर गुंडाळले तरी काय फरक पडणार? इथे शाफ्ट जखडून टाकणं किंवा बेअरिंगवरचा भार प्रवासापुरता काढून घेणं हाच उपाय, आणि तो यंत्राची रचना करतानाच सुचावा लागतो. शाफ्टला खुंटी बसवायला भोकच ठेवलं नसेल, तर पॅकिंगवाला ती कुठे ठोकणार? आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही.

गंजाने जगाचं अडीच लाख कोटी डॉलरचं नुकसान होतं, हा आकडा या वादात दोन्ही हातांनी उधळला जातो, म्हणून त्याबद्दल थोडं. तो २०१६च्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासातला आहे आणि २०१३च्या जागतिक उत्पन्नाच्या ३.४ टक्के इतका भरतो. त्याच अभ्यासानुसार ठाऊक असलेले उपाय नीट वापरले तर त्यातले १५ ते ३५ टक्के वाचतील. पण त्यात पूल आहेत, नळवाहिन्या आहेत, जहाजं आहेत, कारखाने आहेत. रस्त्यात गंजलेली खोकी हा त्यातला छोटा वाटा. गंजरोधक पिशवीच्या जाहिरातीवर हा आकडा छापणं म्हणजे मापात पाप.

मग करायचं काय? कधीकधी उत्तर वस्तू गुंडाळण्यात नसतंच. दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकी नौदलाकडे शेकडो जहाजं शिल्लक राहिली. जुन्या पद्धतीने प्रत्येक यंत्राला ग्रीस फासून ठेवायचं, तर पुन्हा कामाला जुंपण्याआधी ते खरवडण्यातच महिने गेले असते. त्यांनी बहुतेक आतल्या भागांसाठी वेगळी वाट धरली. जहाज बंद करून आतली हवाच यंत्राने कोरडी ठेवली, आर्द्रता सुमारे ३० टक्क्यांवर. उघड्यावरच्या तोफांना तेवढी कवचं चढवली. १९५०मध्ये कोरियाचं युद्ध सुरू झालं तेव्हा यातली अनेक जहाजं परत कामाला लागली. प्रत्येक नग वेगळा गुंडाळण्याऐवजी जागाच कोरडी ठेवायची, हा विचार गोदामांनाही लागू पडतो. नेहमीच्या दोन ठिकाणांमध्ये फिरणाऱ्या मालाला परतीच्या घडीच्या पेट्या चालतात. त्यांत लाकूड नसतं, म्हणून लाकडाचं पाणीही नसतं. कचरा आणि गंज दोन्ही इथे एकाच वेळी कमी होतात, आणि म्हणूनच बहुधा याबद्दल कोणी भांडत नाही.

जिथे वेष्टन टाळता येत नाही, तिथे माझी मागणी माफक आहे. भागाच्या आराखड्यावर आपण मापं मायक्रॉनमध्ये लिहितो, पृष्ठभागाचा खरखरीतपणा लिहितो, कडकपणा लिहितो. आणि पॅकिंगपाशी आलो की ‘योग्य प्रकारे पॅक करावे’ एवढ्यावर सुटका करून घेतो. त्याऐवजी चार गोष्टी लिहाव्यात: किती दिवसांचं संरक्षण, कोणत्या मार्गाने, पॅक करताना धातूची स्वच्छता आणि कोरडेपणा कसा तपासायचा, आणि लाकडातला ओलावा कितीपर्यंत चालेल. हे लिहिलं की निम्मे थर आपोआप गळून पडतात, कारण ते कशासाठी होते हेच कोणाला सांगता येत नाही. उरलेले निम्मे कोणी उगाच काढायला धजत नाही.

आणि पाचवी ओळ पेटी उघडणाऱ्यासाठी असावी. थंड प्रदेशातून किंवा गार रात्रीतून आलेलं जड यंत्र उबदार दमट खोलीत नेऊन उत्साहाने लगेच उघडलं, की गार पोलादावर खोलीतलं बाष्प क्षणात दव होऊन बसतं. ६० दिवस सांभाळलेला माल त्या १० मिनिटांत भिजतो, आणि तक्रार जाते ती पाठवणाऱ्याकडे. पेटी आत आणावी, फिल्म तशीच राहू द्यावी आणि आतला धातू खोलीइतका कोमट होईपर्यंत थांबावं. मोठ्या यंत्राला त्यासाठी एक अख्खी रात्र लागते.